ऐरणीजवळ बसून काढलेली चित्रं

बीडची छागल एके काळी निजामाच्या राज्यात नावाजलेली होती. चामड्याची पाण्याची पिशवी, बैलगाडीला लटकवायची, भर उन्हातही पाणी गार. जोडीला इथली गुप्ती, म्हणजे काठीच्या पोटात लपवलेलं पातं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी गॅझेटियरने या दोन्ही जिनसांची दखल घेतली, पण ती ओळ-दोन ओळींत. कातडं कोण ताणून धरत होतं, टाके घालताना कारागीर कसा बसायचा, काठीत पातं बसवताना दुसरा हात कुणाचा, यातलं काहीच त्या नोंदीत येत नाही. मी बीडमध्ये शाळेतल्या मुलांना चित्रकला शिकवत आलो, म्हणून असेल, पण ही उणीव मला फार लागते. छागल करणाऱ्याच्या ओसरीत त्या काळी कुणी कागद-पेन्सिल घेऊन बसलं असतं, तर आज आपल्या हाती केवढा ऐवज असता!

असं बसणारा माणूस मराठी मुलखात होता. त्याचं नाव गंगाराम चिंतामण तांबट. आडनावावरून घराण्याचा धंदा कळतोच. सवाई माधवरावांच्या काळात चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील पुण्यात होता. त्याच्यासाठी गंगाराम चित्रं काढत असे. पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला, शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली, आणि गंगाराम तिथला नामांकित चित्रकार ठरला. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने 1790 मध्ये काढला. तालमीतले पहिलवान काढले, पर्वती काढली. आमच्या मराठवाड्यातल्या वेरूळच्या लेण्यांची त्याने काढलेली चित्रं तर मॅलेटच्या लेखासोबत कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापून आली. या चित्रांपैकी बरीच आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत.

लेण्यांसाठी गंगारामचं नाव घेतलं जातं, ते योग्यच आहे. मला मात्र त्याच्या नावावर असलेलं लेथचं चित्र जास्त मोलाचं वाटतं. गेंडा हा नवलाचा प्राणी, त्याला चित्रकार कुठेही मिळाला असता. पण दरबारात ज्याची ऊठबस आहे, त्याने अवजाराकडे निरखून बघावं, हे सहसा घडत नाही. जुन्या पद्धतीच्या लेथवर दोन माणसं लागत. एक जण दोरी आलटून पालटून ओढणार, दुसरा हत्यार टेकवून बसणार. काम एकदा पुढे फिरतं, एकदा मागे, आणि हत्यार कापतं ते एकाच फेरीत. उलट्या फेरीत कारागिराने हात किंचित सैल सोडायचा असतो. हा ताल घरात धंदा असलेल्याला लहानपणापासून ऐकून माहीत असतो.

गंगारामच्या थोडं आधी युरोपात अवजारं चित्रांत उतरवण्याचं हेच काम फार मोठ्या प्रमाणावर झालं होतं. पॅरिसला दिदरोने जो विश्वकोश काढला, त्याचे नुसत्या चित्रांचे 11 खंड 1762 ते 1772 या काळात निघाले. त्याच सुमारास, 10 ऑगस्ट 1763 रोजी, आमच्या गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला गोदावरीकाठी थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला आणि दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. त्या लढाईची हकीकत बीडच्या मुलांना ठाऊक असते. तिथे ज्या भाले-तलवारी चालल्या त्या कोणत्या भट्टीवर घडल्या, हे त्यांना कुणी सांगत नाही.

दिदरोचा बाप सुऱ्या-कात्र्या घडवणारा कारागीर होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्याच्या विश्वकोशातली शेकडो चित्रं गुसिए नावाच्या माणसाने काढली आणि त्यासाठी तो कारखान्यांत जाऊन राहिला. कागदाच्या गिरणीत राहिला, जहाजांचे नांगर घडवणाऱ्या भट्टीवर राहिला. अनेक पानांवर मांडणी एकच: वरच्या भागात कारखान्याची खोली आणि कामावरची माणसं, खाली एकेक अवजार सुटं काढलेलं. टाचणीसारख्या वस्तूचंही काम कुठून कुठे जातं ते त्यात स्पष्ट दिसतं. पण त्या खोल्या फार स्वच्छ आहेत. धूर नाही, घाम नाही, कुणी दमलेलं नाही. अवजार अचूक उतरलं आणि माणूस मात्र निसटला, असं माझं मत आहे.

माणूस दिसतो तो इंग्लंडच्या जोसेफ राइटच्या 1772 मधल्या लोहारभट्टीच्या चित्रात. सगळी खोली तापलेल्या पांढऱ्याफेक लोखंडाच्या उजेडात उभी आहे. मालक हाताची घडी घालून थांबलाय, कारण हातोडा उचलायचं काम पाण्याच्या चाकाने पत्करलंय. बायको-मुलं बाजूला उभी आहेत. यंत्रयुगाची चाहूल त्या हाताच्या घडीत आहे.

आता बीडची भट्टी बघा. दसरा जवळ आला की ऊसतोडीला निघणाऱ्यांची कोयत्यासाठी गर्दी होते. मुकादमाची उचल घेतलेली असते, गाडी ठरलेली असते, कोयता तेवढा हवा असतो. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं लोखंड तापून लाल होतं. घिसाडी सांडशीने तो तुकडा ऐरणीवर धरतो आणि हातातल्या लहान हातोडीने टिचकी मारून जागा दाखवतो. पुढच्या क्षणी घण नेमका तिथेच पडतो, आणि घण मारणारी त्याची बायको असते. पदर कमरेला खोचलेला, पाय फाकवून रोवलेले, दोन्ही हात डोक्यामागून येतात. शब्द एक नाही, हातोडीचा आवाज हाच हुकूम. घाव थांबवायचा तर तो हातोडी ऐरणीच्या कडेवर आडवी वाजवतो. मग पात्याला पाणी द्यायचं. पातं सगळं बुडवत नाहीत, फक्त धारेची कड. म्हणजे धार कडक होते आणि पाठ चिवट राहते. तशी पाठ नसेल तर उसाच्या बुडख्यावर कोयता पहिल्याच दिवशी तुटेल.

राइटच्या चित्रात भट्टीवरची बाई बघत उभी आहे. आमच्या भट्टीवर तीच लोखंड वाकवते. हे चित्र काढण्याजोगं नाही तर काय आहे?

माझ्या वर्गात लोहारांची, कासारांची, चर्मकारांची मुलं नेहमीच असायची. ग्रेड परीक्षेच्या स्मरणचित्रात ती जत्रा काढायची, बसस्टँड काढायची, पावसातल्या छत्र्या काढायची. घरची भट्टी सहसा कुणी काढत नसे, कारण ती चित्राचा विषय आहे असं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मी सांगत असे. ज्यांनी ऐकलं त्यांच्या कागदावर भाता आणि ऐरण यांच्यातलं अंतर बरोबर यायचं, घणाचा दांडा योग्य लांबीचा यायचा. बाहेरच्या चांगल्या हातालाही ते जमत नाही. गंगारामच्या लेथपाशीही मला हीच घरची नजर दिसते.

भाते गेले, पंखे आले, कोयते आता तयारही मिळतात. म्हणून बीड, माजलगाव, केज, धारूर, पाटोद्याच्या चित्रकला शिक्षकांना आणि हातात पेन्सिल असलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: येत्या दसऱ्याआधी आपल्या गावच्या भट्टीवर जाऊन बसा. आधी परवानगी मागा. खोली काढा, उजेड कुठून येतो ते दाखवा, अवजारं खाली सुटी काढा आणि प्रत्येकाखाली तिथली माणसं म्हणतात तेच नाव लिहा. घण मारणारीला विचारून तिचं नावही घाला. कोपऱ्यात गाव आणि तारीख टाका, आणि एक प्रत त्या घरी देऊन या.