सोलापुरातील तेलुगू भाषक स्थलांतरित कामगार आणि कामगार कायदा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सोलापूर हे महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातील एक महत्त्वाचे वस्त्रोद्योग केंद्र होय. १८६० मध्ये येथे लोहमार्ग पोहोचला आणि १८७० च्या दशकात 'जुनी गिरणी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या कापड गिरणीची उभारणी झाली. गिरण्या व हातमाग यांच्या आकर्षणाने करीमनगर, नलगोंडा, महबूबनगर इत्यादी भागांतून पद्मशाली विणकर कुटुंबे मोठ्या संख्येने सोलापुरात आली व शहराच्या पूर्व भागात स्थिरावली. हे विणकर निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे रयत होते, तर सोलापूर ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होते. म्हणजेच कामासाठी ते एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत येत होते. पुढे १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये त्यांची मूळ गावे आंध्र प्रदेशात व २०१४ मध्ये तेलंगणात गेली. गाव तेच राहिले, राज्य मात्र बदलत गेले.

परमुलखातून आलेल्या या कामगारांना कायद्याने कसे वागविले, हा प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. कारखाना कायद्यांच्या व्याप्तीत झालेले बदल अभ्यासणे.
२. घरी बसून काम करणाऱ्या बिडी कामगार स्त्रियांच्या कायदेशीर स्थानाचा मागोवा घेणे.
३. स्थलांतरित कामगारविषयक कायद्याची उपयुक्तता तपासणे.

अभ्यास पद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून कायद्यांच्या तरतुदी आणि न्यायालयीन निवाडे यांचा आधार घेण्यात आला आहे.

विषय विवेचन

अ) गिरणीची भिंत आणि कामगारांची संख्या

भारतातील पहिला फॅक्टरी ॲक्ट १८८१ मध्ये संमत झाला. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या व किमान १०० कामगार असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. ही मर्यादा १८९१ मध्ये ५० वर, १९२२ मध्ये २० वर आणि १९४८ च्या कायद्याने १० वर आली. कामाचे तासही क्रमाने घटले. १९११ मध्ये कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला १२ तास, १९२२ मध्ये आठवड्याला ६०, १९३४ मध्ये ५४ आणि १९४८ च्या कायद्यात ४८ तास अशी मर्यादा ठरली.

या कायद्यांनी कामगाराचे मूळ गाव कोठले, तो कोणत्या राजाचा रयत, असा प्रश्न केला नाही. त्यामुळे निजामाच्या मुलखातून आलेला तेलुगू कामगार आणि सोलापूरचाच मराठी वा कानडी कामगार गिरणीच्या दाराआत कायद्याच्या दृष्टीने समान होते. ही बाब निश्चितच उल्लेखनीय आहे. परंतु कायद्याने दुसरा एक प्रश्न मात्र केला. काम कोठे चालते व तेथे किती माणसे आहेत? या प्रश्नाने त्याच समाजाचे दोन भाग पडले. गिरणीतील कामगारास निश्चित तास व सुटी मिळाली. पूर्व भागातील घरात सावकाराच्या सुतावर मजुरीने विणणारा त्याचा भाऊ आणि कांड्या भरणारी त्याची पत्नी कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. मुंबई प्रांताचा १९२९ चा प्रसूती लाभ कायदाही कारखान्यातील स्त्रियांपुरताच होता. पुढील काळात यंत्रमाग उद्योगात एकाच छताखालील माग कुटुंबीयांच्या निरनिराळ्या नावांवर दाखवून कामगारसंख्या मर्यादेखाली ठेवण्याची प्रथा रूढ झाली, तिचे मूळ याच व्याख्येत आहे.

ब) घर हेच कामाचे ठिकाण : बिडी कामगार स्त्रिया

सोलापुरात विणकर कुटुंबांतील असंख्य स्त्रिया बिडी उद्योगाकडे वळल्या. कारखान्याच्या शाखेतून तेंदूपत्ता, तंबाखू व सूत आणावयाचे, घरी बिड्या वळावयाच्या आणि मोजून परत द्यावयाच्या, असे या कामाचे स्वरूप होय. बिड्या नापसंत ठरवून 'छाट' म्हणून बाजूला काढल्या की त्याचा भुर्दंड त्या स्त्रीवरच पडे.

या स्त्रियांना कायद्याने कामगार म्हणावे की नाही, हाच कळीचा मुद्दा होता. शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असे ठरविले की, कारखान्यात येऊन बिड्या वळणारा परंतु स्वतःच्या सोयीने येणारा-जाणारा मजूर फॅक्टरी ॲक्टच्या अर्थाने कामगार नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. कारखान्यात बसणाऱ्याची ही स्थिती, तर घरी बसणाऱ्या स्त्रीची काय असेल, हे सांगावयास नको.

१९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने हे चित्र पालटले. मालकाने वा ठेकेदाराने दिलेला कच्चा माल घरी नेऊन बिड्या वळणारी व्यक्तीही कर्मचारी ठरली. रजा मिळू लागली. कच्चा माल व छाट यांविषयीच्या वादांची तड लावण्याची सोय झाली. १९७४ मध्ये मंगलोर गणेश बिडी वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला, तर १९८५ मध्ये पी. एम. पटेल खटल्यात घरखेप कामगारांना भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू असल्याचे मान्य केले. १९७६ च्या उपकर कायद्यातून उभ्या राहिलेल्या कल्याण निधीने आरोग्य, शिष्यवृत्ती व घरकुल योजनांना आधार दिला. कुंभारी येथील कॉ. गोदूताई परुळेकर वसाहतीत बिडी कामगार स्त्रियांसाठी १०,००० घरे उभी राहिली व २००६ मध्ये ती सुपूर्द झाली. मालक ठरला, म्हणून नोंद झाली. नोंद झाली, म्हणून घर मिळाले, अशी ही साखळी आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराच्या अंमलबजावणीबरोबर हा उपकर रद्द झाला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

क) स्थलांतरितांसाठीचा कायदा

१९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा ठेकेदारामार्फत आणलेल्या, पाच किंवा अधिक कामगारांपुरता मर्यादित होता. विस्थापन भत्ता व प्रवास भत्ता या त्यातील तरतुदी चांगल्या होत्या. तथापि नातलगांच्या वा गाववाल्यांच्या ओळखीने स्वतःहून येणारा विणकर त्यात बसत नव्हता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत फॅक्टरी ॲक्ट, १९६६ चा बिडी कायदा व १९७९ चा कायदा हे तिन्ही विलीन झाले. स्वतःहून आलेल्या कामगाराचाही स्थलांतरिताच्या व्याख्येत समावेश झाला, ही स्वागतार्ह बाब होय. मात्र यंत्रशक्ती वापरणाऱ्या कारखान्याची कामगारमर्यादा १० वरून पुन्हा २० झाली. यंत्रमागांच्या शहरात या बदलाचा अर्थ गंभीर आहे.

निष्कर्ष

१. सोलापुरात कामगारांमधील भेद कायद्याने मूळ गावावरून नव्हे, तर कामाच्या जागेवरून व संख्येवरून केला.
२. १९६६ च्या कायद्याने जागेऐवजी मालक-कामगार संबंध महत्त्वाचा मानला, म्हणून तो घरापर्यंत पोहोचला.
३. १०० पासून १० पर्यंत उतरलेली मर्यादा १९२२ च्या २० या आकड्यावर परत गेली आहे.

माणूस कोठून आला यापेक्षा तो कोणासाठी राबतो, हा प्रश्न जेव्हा विचारला गेला, तेव्हाच या कामगारांच्या पदरी काही पडले, हे सोलापूरच्या इतिहासावरून स्पष्ट होते.