गोगलगायीचा हिशेब

दर रविवारी ठाकुर्लीच्या विहारात आम्ही तरुण मुलं-मुली वाचायला बसतो. संविधान दिन जवळ आला की शंकर यांचं ते व्यंगचित्र मोबाईलवर फिरू लागतं. कुणी संतापतं, कुणी म्हणतं, "विनोदच तर आहे!" मित्रांनो, आधी इतिहास तपासू.

केशव शंकर पिल्लई १९०२ साली केरळात जन्मले. कायदा शिकायला मुंबईत आले. शिक्षण अर्धवट राहिलं, पण इथल्याच इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांची चित्रं छापली. १९३२ मध्ये, म्हणजे पुणे कराराच्याच वर्षी, ते दिल्लीच्या 'हिंदुस्तान टाइम्स'मध्ये गेले. १९४८ मध्ये त्यांनी 'शंकर्स वीकली' काढलं. उद्घाटन नेहरूंनी केलं. १९७५ मध्ये, आणीबाणीत, ते बंद झालं. माणूस थोर चित्रकार होता, यात वाद नाही.

वाद २८ ऑगस्ट १९४९ च्या चित्राचा आहे. संविधानाची गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब, मागे चाबूक उगारलेले नेहरू आणि हसणारी गर्दी. म्हणजे उशिराचं बिल बाबासाहेबांच्या नावावर!

खरं काय घडलं? मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ ला नेमली गेली. २१ फेब्रुवारी १९४८ ला मसुदा तयार होता, म्हणजे सहा महिन्यांच्या आत. त्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, २,४७३ सभागृहात मांडल्या गेल्या. ५ नोव्हेंबर १९४८ ला टी. टी. कृष्णम्माचारींनी सभागृहातच सांगितलं की, सहकारी या ना त्या कारणाने दूर राहिले आणि भार एकट्या डॉ. आंबेडकरांवर पडला. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी ऑस्ट्रेलियाच्या ९ वर्षांचा दाखला देऊन उशिराच्या आरोपाला उत्तर दिलं.

शंकर यांनी नेहरूंनाही सोडलं नाही, हे खरं. पण नेहरूंची बाजू मांडायला मोठमोठी वृत्तपत्रं होती. बाबासाहेबांना 'मूकनायक'पासून स्वतःचीच पत्रं काढावी लागली. हसणारा आणि हसला जाणारा एका पायरीवर नसतात.

२०१२ मध्ये अकरावीच्या पुस्तकातल्या याच चित्रावरून संसदेत गदारोळ झाला. पुण्यात सुहास पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. तो आंबेडकरी मार्ग नव्हे. २०१९ मध्ये उन्नमती श्याम सुंदर यांनी बाबासाहेबांवरची जुनी व्यंगचित्रं शोधून, त्यांतली जात उलगडून पुस्तक केलं. आम्हाला हा मार्ग पटतो.

दगड ठेवा, पुस्तक उघडा. आणि ज्याच्या हातात कला आहे त्याने कुंचलाही उचला.

जयभीम!