ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा ग्राहकांच्या हितांचे रक्षण आणि त्यांच्या तक्रारींचे निवारण यांसाठी भारताच्या संसदेने संमत केलेला कायदा आहे. त्याला ९ ऑगस्ट २०१९ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली व बहुतांश तरतुदी २० जुलै २०२० पासून अमलात आल्या. या कायद्याने १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाची जागा घेतली.

पार्श्वभूमी

मालाची पारख करण्याची जबाबदारी खरेदीदाराचीच, हे तत्त्व वस्तुविक्री अधिनियम, १९३० मध्ये काही अपवादांसह मान्य केलेले आहे. कारखान्यात बनलेल्या, वेष्टनात बंद असलेल्या मालाबाबत अशी पारख सामान्य ग्राहकाला शक्य नसते आणि अल्प रकमेसाठी दिवाणी दावा लढवणे परवडत नाही. १९७० च्या दशकात पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायतीची स्थापना झाली. २४ डिसेंबर १९८६ रोजी पहिल्या ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. हा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो.

ग्राहकाची व्याख्या

मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारी व्यक्ती म्हणजे ग्राहक. ऑनलाइन खरेदी व दूरविक्री यांचाही यात समावेश होतो. पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी प्रयोजनासाठी केलेली खरेदी यातून वगळली आहे. मात्र केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी शिलाई यंत्र घेणारा शिंपी ग्राहकच ठरतो. पूर्णपणे विनामूल्य मिळालेली सेवा कायद्याच्या कक्षेबाहेर राहते.

अनुचित व्यापारी प्रथा

कायद्यात पुढील बाबींचा अनुचित व्यापारी प्रथांमध्ये समावेश आहे:
• वस्तूचा दर्जा, प्रमाण किंवा उपयुक्तता यांविषयी खोटे विधान करणे
• जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणे
• देण्याचा हेतू नसताना भेटवस्तू किंवा बक्षिसे जाहीर करणे
• बनावट माल तयार करणे किंवा विकणे
• बिल किंवा पावती न देणे
• सदोष वस्तू बिलात नमूद केलेल्या मुदतीत, मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे
• ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना इतरांना देणे

अवाजवी अनामत रक्कम किंवा करारभंगासाठी नुकसानीच्या मानाने जादा दंड अशा अटींमुळे ग्राहकाच्या हक्कांत लक्षणीय बदल होत असल्यास तो ‘अनुचित करार’ ठरतो. त्याविरुद्धची तक्रार राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडे करावी लागते.

तक्रार निवारण

जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तीन स्तरांवर ग्राहक तक्रार निवारण आयोग आहेत. २०२१ च्या नियमांनुसार दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाकडे, २ कोटी रुपयांपर्यंत असल्यास राज्य आयोगाकडे आणि त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोगाकडे तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क नाही. तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या किंवा कामाच्या ठिकाणच्या आयोगाकडे दाद मागता येते; ही सोय १९८६ च्या कायद्यात नव्हती. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. विलंबाचे पुरेसे कारण दाखवल्यास आयोग ती नंतरही स्वीकारू शकतो. वकील नेमणे बंधनकारक नाही. आयोग दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, रक्कम परत करणे व नुकसानभरपाई यांचे आदेश देऊ शकतो.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण

आयोग सामान्यतः दाखल झालेल्या तक्रारींवर निर्णय देतात. जुलै २०२० मध्ये स्थापन झालेले केंद्रीय प्राधिकरण मात्र ग्राहकवर्गाच्या वतीने स्वतःहून कारवाई करू शकते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ते १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा उल्लंघन झाल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड आकारू शकते. जाहिरातीत वस्तूची शिफारस करणाऱ्या व्यक्तीवरही दंड व तात्पुरती बंदी येऊ शकते. दाव्यांची योग्य पडताळणी केली असल्यास ती व्यक्ती या जबाबदारीतून सुटते. ऑनलाइन व्यवहारांत ग्राहकाला फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादी प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांद्वारे प्रसिद्ध केली. खोटी घाई निर्माण करणे आणि न विचारता खरेदीच्या यादीत वस्तू घालणे यांचा त्यात समावेश आहे.

न्यायालयीन अर्थनिर्णय

मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. वकिलांची व्यावसायिक सेवा मात्र या कायद्याखाली येत नाही, असे न्यायालयाने मे २०२४ मध्ये स्पष्ट केले.