‘इसामाशी’ : शौर्याचा एक जपानी शब्द आणि शिरढोणचे वासुदेव बळवंत

आज एका जपानी विशेषणापासून आरंभ करू : ‘इसामाशी’. शेवटचा स्वर किंचित लांबवावा. स्फुरण चढणे या अर्थाच्या ‘इसामु’ या क्रियापदापासून हा शब्द सिद्ध झाला. पाहणाऱ्याचेही बाहू स्फुरावेत असे शौर्य म्हणजे इसामाशी. लष्करी संचलनाच्या सुरावटीलाही हेच विशेषण लावतात. संकट ओळखून त्याला सामोरे जाणाऱ्यासाठी मात्र ‘युऊकान’ हा शब्द अधिक नेमका.

हा भेद समजण्यास पनवेलकरांना दूर जावे लागत नाही. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म जवळच्याच शिरढोणचा, ४ नोव्हेंबर १८४५ चा. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करणारा हा गृहस्थ १८७६-७७ च्या दुष्काळाने पेटून उठला. सुशिक्षितांनी पाठ फिरवली. साथ दिली ती रामोशांनी. फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारीवर पहिला छापा पडला. हे निःसंशय इसामाशी!

मे महिन्यात दौलतराव नाईकांच्या तुकडीने कोकणात उतरून पळस्पे व चिखली लुटले. (होय, गोव्याकडे वळताना लागणारे तेच पळस्पे.) घाटाकडे परतताना मेजर डॅनियलच्या सैन्याने त्यांना गाठले आणि दौलतराव गोळीने पडले.

‘इसामु’चाच एक वंशज आहे ‘इसामिआशी’. सुमो कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला रेटण्याच्या भरात मल्लाचे स्वतःचेच पाऊल आधी रिंगणाबाहेर पडते आणि तो हरतो, त्याला हे नाव. व्यवहारात त्याचा अर्थ अतिउत्साहाने केलेली आगळीक. फडक्यांच्या बंडाला कोणी हा शब्द लावील. शस्त्रे तुटपुंजी आणि पैसा लुटीचा, हे खरेच आहे.

मला तो निवाडा अपुरा वाटतो. उजवा हात गेल्यावर हा मनुष्य श्रीशैल मल्लिकार्जुनापर्यंत गेला आणि रोहिल्यांची नवी फौज जमवू लागला. तेथे टाळ्या नव्हत्या, नगारे नव्हते. येथे ‘युऊकान’ हाच शब्द शोभतो.

२० जुलै १८७९ रोजी विजापूरकडील देवर नावदगी येथे ते झोपेत पकडले गेले. शिक्षा जन्मठेपेची, तुरुंग एडनचा. तेथेही त्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून पलायन केले. लवकरच पुन्हा सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनलाच त्यांचा अंत झाला. वय अवघे ३७.