हकिमांची सनद

युनानी वैद्यकाच्या पदवीला आपण बी.यू.एम.एस. म्हणतो. तिचे उर्दू नाव ‘कामिल-ए-तिब ओ जराहत’. तिब म्हणजे वैद्यक, जराहत म्हणजे शस्त्रक्रिया. पदवीच्या नावात जराहत सन्मानाने बसली. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्याने गळवे कापली, जखमा बांधल्या, तो जर्राह काही या पदवीपर्यंत पोहोचला नाही. हकिमाला सरकारदरबारी मान्यता कशी मिळाली आणि ती मिळताना कोण मागे राहिले, हे दोन्ही प्रश्न आपण एकत्र विचारले पाहिजेत.

इंग्रजी अमलापूर्वी हकिमाची नोंद कोणत्या वहीत होत नसे. उस्तादाची सनद, खानदानाचे नाव आणि रोग्यांचा विश्वास, एवढ्यावर त्याची पत ठरत असे. हकीम अरबी-फारसी जाणणारा, इब्न सीनाचा ‘अल-कानून’ वाचलेला असे. त्याचे स्थान आलिमाच्या जवळचे. तो नाडी पाही, नुस्खा लिही. औषध देई तो अत्तार, हत्यार चालवी तो जर्राह आणि बाळंतपण करी ती दाई. उपचाराचे काम चौघांचे, मान मात्र एकाचा. ही उतरंड इंग्रजांनी आणली नव्हती. ती आपलीच होती.

राज्यकर्त्यांचे धोरण आरंभी वेगळे होते. १८२२ साली कलकत्त्यात निघालेल्या नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशनमध्ये पाश्चात्त्य वैद्यकाबरोबर आयुर्वेद आणि युनानीही शिकवले जाई. १८३५ मध्ये ती संस्था बंद झाली आणि इंग्रजीतून शिकवणारे मेडिकल कॉलेज आले. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. तरीही गावोगावच्या लोकांचा आधार वैद्य आणि हकीमच होते.

खरा घाव बसला तो १९१२च्या मुंबई वैद्यकीय कायद्याने. या कायद्याने डॉक्टरांची नोंदवही तयार झाली आणि तीत फक्त पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांना जागा मिळाली. वैद्य-हकिमांच्या व्यवसायावर बंदी आली नाही; पण कायद्याने मागितलेल्या दाखल्यावर सही चालणार ती नोंदणीकृत डॉक्टरचीच. रोगी बरा करण्याचा हक्क राहिला, रोगी बरा झाला असे लिहून देण्याचा हक्क गेला. पुढे आयुर्वेद महाविद्यालयाशी संबंध ठेवला म्हणून मुंबईतील एका पदवीधर डॉक्टरचे नावच नोंदवहीतून काढण्यात आले. १९१६च्या कायद्याने पाश्चात्त्य वैद्यकाच्या पदव्या कोणी द्यायच्या यावरही सरकारी शिक्का बसला.

या संकटाची चाहूल दिल्लीच्या हकीम अजमल खान यांना आधीच लागली होती. १९१०मध्ये त्यांनी वैद्य आणि हकीम यांची अखिल भारतीय परिषद उभी केली. आयुर्वेद हिंदूंचा आणि युनानी मुसलमानांचा, अशी वाटणी करून दोघांनी वेगवेगळे अर्ज केले असते, तर दोघेही हरले असते, हे त्यांनी ओळखले होते. त्यांचे वडीलबंधू हकीम अब्दुल मजीद खान यांनी १८८९ साली मदरसा तिब्बिया काढला होता. त्याचे रूपांतर आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजात झाले. १९१६मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी कोनशिला बसवली आणि १९२१मध्ये महात्मा गांधींनी उद्घाटन केले. दोन्ही शास्त्रे एका छपराखाली शिकवणारे हे कॉलेज करोल बागेत आजही आहे.

अजमल खान यांचे मोठेपण आम्हाला आणखी एका गोष्टीत दिसते. त्यांचे शरीफखानी घराणे नामवंत. अशा घराण्यांत नुस्खा म्हणजे तिजोरीतला ऐवज. बापाकडून मुलाकडे जायचा आणि मुलगा नसला तर कबरीत जायचा. त्यांनी विद्या वर्गात आणली. हिंदुस्तानी दवाखाना काढून औषधे तयार केली आणि त्याचे उत्पन्न कॉलेजला दिले. १९०९मध्ये स्त्रियांसाठी वेगळा मदरसा काढून दाईच्या कामाला शिक्षणाची जोड दिली. जुन्या औषधांची प्रयोगशाळेत पारख व्हावी, असाही त्यांचा आग्रह होता. तिथेच काम करणारे रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी सर्पगंधेच्या मुळीतून एक द्रव्य वेगळे केले आणि १९३१मध्ये त्याला ‘अजमलीन’ असे नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांवरील औषध म्हणून ते जगभर गेले. तोवर हकीमसाहेबांना जाऊन चार वर्षे झाली होती.

त्यांच्या या वाटेची पोच कायद्यातही मिळाली. १९३७मध्ये प्रांतिक सरकारे आली आणि १९३८ साली मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई वैद्यकीय व्यवसायी कायदा झाला. त्याने वैद्य-हकिमांची नोंदवही केली. जे शिकलेले होते ते नोंदवहीत आले. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हते पण वहिवाट होती, त्यांच्यासाठी वेगळी यादी ठेवली गेली. मराठवाड्याची गोष्ट निराळी. तिथे निजामाचे राज्य होते आणि युनानीला राजाश्रय होता. हैदराबादेत चारमिनारजवळ युनानी रुग्णालय आणि तिब्बी कॉलेज उभे राहिले. मराठवाडा १९५६मध्ये मुंबई राज्यात आला. पुढे १९६१च्या महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी कायद्याने विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र यांना एकाच नोंदवहीखाली आणले. १९७०मध्ये संसदेने भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेचा कायदा केला आणि पदवीचा अभ्यासक्रम देशभर एकसारखा झाला. २०२०च्या कायद्याने या परिषदेची जागा राष्ट्रीय आयोगाने घेतली. खानदानाची सनद गेली आणि विद्यापीठाची आली.

यातून काय साधले? विणकराच्या, बागवानाच्या, पिंजाऱ्याच्या घरातल्या मुलामुलींना हकीम होता आले. हे पूर्वी फार क्वचित घडत असे. मुंबई, पुणे, मालेगाव, जळगाव इथे युनानी महाविद्यालये आहेत आणि त्यांच्या वर्गांत मुली मोठ्या संख्येने दिसतात. ज्या मोहल्ल्यात एम.बी.बी.एस. डॉक्टर दवाखाना काढत नाही, तिथे रात्री दहा वाजता उघडे असलेले दार बहुधा यांचेच असते.

मात्र कायद्याची मान्यता म्हणजे लोकमान्यता नव्हे. आपल्यापैकीच अनेकजण युनानी डॉक्टरला दुय्यम समजतात. त्यालाही आपल्या शास्त्राची खात्री वाटेनाशी होते आणि तो इंजेक्शन-सलाईनकडे वळतो. १९९८मध्ये डॉ. मुख्तियार चंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, अशा व्यावसायिकाला आधुनिक औषधे वापरता येतील ती राज्याच्या कायद्याने मुभा दिली असेल तितकीच. म्हणजे पदवी मिळूनही सीमारेषेवरचे उभे राहणे संपलेले नाही. ते संपवायचे तर मार्ग अजमल खान यांचाच: विद्या उघडी करणे, तिची पारख होऊ देणे. ‘आमचे शास्त्र हजार वर्षांचे’ या अभिमानाने रोगी बरा होत नाही.

आणि ते तिघे? अत्तार हे आता बहुतेक ठिकाणी आडनाव उरले आहे. जर्राहाच्या हातातले हत्यार गेले. दाईला सरकारने काही काळ प्रशिक्षण दिले, पुढे प्रसूती दवाखान्यातच व्हावी असे धोरण आले. बाळ-बाळंतिणीच्या जिवाच्या दृष्टीने ते योग्यच. पण या तिघांच्या हातातले कसब कोणी लिहून घेतले नाही, कारण ते ग्रंथात नव्हते आणि ज्यांच्याकडे होते ते ग्रंथ लिहिणारे नव्हते. हकिमाला नोंदवहीत जागा नाकारली, तेव्हा आपण अन्याय म्हटले. तोच न्याय आपल्या घरातल्या जर्राहाला आणि दाईला आपण कधी लावला नाही. आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना हकिमाच्या सनदेशेजारी त्यांचीही नोंद व्हायला हवी.