निळ्या दाताचा राजा आणि अण्णांचे कान

इतिहासाशी माझं शाळेपासून कधी जमलं नाही. सनावळ्यांना घाबरून मी कॉमर्सला गेलो. तिथे गेल्यावर कळलं की आकडे इथेही पाठ करायचेच असतात. फरक एवढाच की ते मेलेल्या राजांचे नसून जिवंत ऋणकोंचे असतात. पुढे बी. कॉम. होऊन बँकेत चिकटलो आणि इतिहासाचा व माझा संबंध संपला, अशी माझी समजूत होती. असा मी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, रात्री साडेअकरा वाजता, मांडीवर हेडफोन घेऊन दहाव्या शतकातल्या डेन्मार्कचा इतिहास वाचत बसलो होतो. हे का झालं ते सांगतो.

आमच्या घरात पिढ्या तीन आणि खोल्या दोन. त्यातल्या पुढच्या खोलीत टीव्ही, अण्णा आणि कन्येचं अभ्यासाचं टेबल. कन्या यंदा दहावीला. अण्णा म्हणजे माझे वडील, तारखात्यातून निवृत्त. ज्या माणसानं सारी नोकरी कट्ट-कड-कट्ट ऐकून त्यातून लोकांचे जन्म, मृत्यू आणि बढत्या टिपून घेतल्या, त्याला हल्ली शेजारी बसून हाक मारली तरी ऐकू येत नाही. त्यामुळे टीव्हीचा आवाज असा की अण्णा संगीत नाटक लावायचे आणि वरच्या मजल्यावरचे लोक दाद द्यायचे.

एकदा सहामाही परीक्षेच्या आदल्या दिवशी मी अण्णांवर ओरडलो. "अण्णा, आवाज कमी करा! पोरीची परीक्षा आहे!" गंमत म्हणजे हे मात्र त्यांना पहिल्या फटक्यात ऐकू आलं. त्यांनी टीव्ही बंद केला आणि खुर्ची खिडकीकडे फिरवली. पुढचे आठ दिवस टीव्ही लावलाच नाही. विचारलं तर म्हणाले, "बघून झालंय रे सगळं." घरात इतकी शांतता पसरली की कन्येचाही अभ्यास होईना.

नवव्या दिवशी मी ब्लूटूथचा हेडफोन आणला.

टीव्हीला जोडायचा एक डबा आमच्याकडे आधीपासून होता. माझ्या भाच्यानं तो बसवून दिला होता आणि त्यात अण्णांची सगळी जुनी नाटकं भरून ठेवली होती. आता हेडफोन डब्याला जोडायचा, अण्णांच्या कानावर चढवायचा, की झालं. दुकानदार म्हणाला होता, "दोन मिनिटांचं काम आहे साहेब." त्या दोन मिनिटांना आम्हाला नऊ दिवस लागले.

पहिल्या दिवशी हेडफोन डब्याला सापडेचना. त्याचं बटण नुसतं दाबून भागत नाही. दिवा लुकलुकायला लागेपर्यंत दाबून धरावं लागतं, तेव्हा कुठे तो नव्या ओळखीला तयार होतो. एरवी तो आपल्या जुन्याच ओळखीच्या माणसाकडे धाव घेतो. आमचा धावला कन्येच्या मोबाइलकडे, कारण घरी आणल्याबरोबर तिनं तो तिथे जोडून पाहिला होता. अण्णा बराच वेळ गंभीरपणे ऐकत होते. मग म्हणाले, "नाटक चांगलं आहे, पण यात पायथागोरस कुठून आला?" कन्येचा क्लास त्यांच्या कानात चालू होता. जोड खाते आणि 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' हा प्रकार मी बँकेत रोज बघतो. पण घरात बघण्याची ही पहिलीच वेळ. मोबाइलच्या यादीतून हेडफोनचं नाव काढून टाकलं, तेव्हा तो डब्याला जुळला.

जुळला, पडद्यावर 'कनेक्टेड' अशी अक्षरंही आली, आणि आवाज टीव्हीतूनच येत राहिला! म्हणजे खातं उघडलं, पासबुक मिळालं, पण पगार जुन्याच खात्यात. मग भाच्यानं फोनवर सांगितलं, "मामा, जोडणं वेगळं आणि आवाज तिकडे वळवणं वेगळं. सेटिंगमध्ये जाऊन ऑडिओ आउटपुट बदल."

त्या रात्री चिडून मी या ब्लूटूथचा मूळ पुरुष कोण, याचा शोध घ्यायला बसलो. म्हटलं, निदान शिव्या तरी योग्य पत्त्यावर जाव्यात.

तर मूळ पुरुष निघाला एक राजा. हाराल्ड त्याचं नाव. साधारण 958 ते 986 या काळात डेन्मार्कच्या गादीवर होता. त्याला टोपणनाव पडलं 'निळा दात'. एक दात किडून काळानिळा पडला होता, म्हणून असं सांगतात. विचार करा, माणसानं राज्य मिळवावं, धर्म स्थापावा आणि हजार वर्षांनी लोकांच्या लक्षात काय राहावं, तर दाढदुखी! या हाराल्डनं येलिंग या गावी एक मोठी शिळा उभारली. गोर्म आणि थिरा या आपल्या आईवडिलांच्या स्मरणार्थ ती आहे, आणि आपण सारा डेन्मार्क व नॉर्वे मिळवला आणि डेन लोकांना ख्रिस्ती केलं, हेही त्यानं तिच्यावर कोरून घेतलं आहे. आईबापाच्या स्मारकावर स्वतःची जाहिरात करण्याची पद्धत आपल्याकडचीच आहे, असं मला इतके दिवस वाटत होतं.

पुढे या जोडणाऱ्या राजाशी त्याच्या पोटच्या पोरानंच वैर केलं. फाटेदाढ्या म्हणून ओळखला जाणारा त्याचा मुलगा स्वेन बापाविरुद्ध उठला आणि म्हाताऱ्याला राज्यातून परागंदा व्हावं लागलं. हे वाचताना मी उगाचच एकदा खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं.

आता या राजाचा आणि हेडफोनचा संबंध काय? 1994 साली स्वीडनमधल्या एरिक्सन कंपनीत, मोबाइलच्या वायरी काढून त्या जागी जवळच्या पल्ल्याचा रेडिओ वापरता येईल का, यावर काम सुरू झालं. याप हार्टसेन नावाचा डच इंजिनिअर त्यात मुख्य होता. (येलिंगची शिळा आणि तिचा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, तोही 1994 सालीच. हाराल्डचे ग्रह त्या वर्षी उच्चीचे असणार.) पुढे इतर कंपन्याही यात उतरल्या. इंटेलचे जिम कार्डाक आणि एरिक्सनचे स्वेन मॅटिसन यांच्या गप्पांत हाराल्डचा विषय निघाला, आणि 1997 साली कार्डाकनी सुचवलं की निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रं एकत्र आणायची आहेत, तर एकत्र आणणाऱ्या राजाचंच नाव द्यावं. स्वेन नावाच्या एकानं राजाला हाकललं होतं. हजार वर्षांनी दुसऱ्या स्वेननं त्याची आठवण काढली. हिशोब टॅली झाला!

नाव मात्र तात्पुरतं होतं. खरी नावं दोन ठरत होती, पॅन आणि रेडिओवायर. त्यातलं पॅन फारच सर्रास वापरातलं निघालं आणि रेडिओवायरची कायदेशीर तपासणी वेळेत झाली नाही. 1998 साली एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्यांचा गट जाहीर झाला तो 'ब्लूटूथ' या तात्पुरत्या नावानंच. आमच्या बँकेत एक गृहस्थ तात्पुरते म्हणून आवक-जावक विभागात बसले, ते तिथूनच निवृत्त झाले. तेव्हा ही प्रथा आंतरराष्ट्रीय दिसते. ते निळं बोधचिन्ह म्हणजे प्राचीन रुन लिपीतली हाराल्डची दोन आद्याक्षरं एकमेकांत गुंतवलेली आहेत.

एवढा इतिहास झाल्यावर माझा राग थोडा निवळला. राजावर ओरडून उपयोग नव्हता.

तिसऱ्या दिवशी आवाज हेडफोनमध्ये आला. पण असा, की नट विहिरीत उतरून बोलताहेत. याचं कारण, हेडफोनचे व्यवहार दोन प्रकारचे असतात: एक फोनवर बोलण्याचा आणि एक गाणं ऐकण्याचा. बोलण्याच्या प्रकारात माइकही चालू राहतो आणि आवाज टेलिफोनसारखा बोदा होतो. डब्यानं नेमका तोच धरला होता. तो बदलून गाण्याचा केला. मग नाटकं वाजू लागली, पण भाच्यानं भरलेले नवे सिनेमे मुके! चित्र हलतंय, आवाज नाही. यामागे 'पासथ्रू' नावाचं एक बटण निघालं. ते चालू असलं की डबा सिनेमाचा आवाज न उलगडता, गुंडाळलेल्या स्थितीत तसाच पुढे पाठवतो. पुढे मोठा अँप्लिफायर असला तर तो उलगडतो. हेडफोन बिचारा त्या गठ्ठ्याकडे बघत बसतो. हे मी कन्येला समजावत होतो आणि मला स्वतःलाच नीट समजत नव्हतं. तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला.

"सांकेतिक तार," अण्णा म्हणाले.

"काय?"

"अरे, आमच्याकडे सांकेतिक तारा यायच्या. अर्थ आम्हाला कळायचा नाही. जशीच्या तशी पुढे पाठवायची. ज्याच्याकडे किल्ली, तो उलगडणार. तुझ्या हेडफोनकडे किल्ली नाही. मग डब्यालाच उलगडायला सांग."

मी पासथ्रू बंद केलं, आवाज दोन चॅनेलवर आणला, आणि सिनेमा बोलू लागला. आठ दिवसांनी अण्णांची खुर्ची खिडकीपासून थोडी फिरली होती.

मग ओठ आधी आणि शब्द मागून, ही तक्रार. ब्लूटूथमध्ये आवाज दाबून, तुकडे करून पाठवायचा आणि कानाशी परत जोडायचा, यात पाव सेकंद सहज जातो. डब्याच्या सेटिंगमध्ये आवाज थोडा अलीकडे ओढून घेता येतो. किती ओढायचा, ते अण्णांनी टाळीकडे बघून ठरवलं.

शेवटचं दुखणं चिवट होतं. रोज रात्री नऊच्या सुमाराला नाटकात खरखर आणि तुटातुट सुरू. मी हेडफोन बदलायला निघालो होतो. अण्णांनी हात वर केला, डोळे मिटले, आणि दोन दिवस नुसतं ऐकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सूनबाईंना सांग, दूध गॅसवर तापवा."

सौ. चकित! पण निदान अचूक होतं. ब्लूटूथ चालतं 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात, आणि मायक्रोवेव्हची भट्टी त्याच पट्ट्यात दूध तापवते. घरातलं वायफायही बहुधा तिथेच नांदतं. या गर्दीतून वाट काढायला ब्लूटूथ एका जागी थांबतच नाही. 79 चॅनेलांवर सेकंदाला 1600 उड्या मारतं. अशा उड्यांची एक कल्पना हेडी लमार या हॉलिवूडच्या नटीनं आणि जॉर्ज अँथील या संगीतकारानं मिळून काढली होती. शत्रूला पाणतीराचा (टॉर्पेडोचा) रेडिओ बिघडवता येऊ नये, म्हणून आपोआप वाजणाऱ्या पियानोसारखी भोकं पाडलेली पट्टी लावून 88 लहरींवर उड्या मारायच्या. पियानोच्या पट्ट्याही 88च! 1942 साली त्यांना पेटंट मिळालं. आरमारानं ते बाजूला ठेवलं, आणि बाईंना त्यातून दमडी मिळाली नाही. सन्मानाचं एक पारितोषिक मिळालं ते 1997 साली, म्हणजे हाराल्डचं नाव सुचवलं गेलं त्याच वर्षी. आमचा बोनससुद्धा एवढा रेंगाळत नाही.

अण्णांना मी हे सांगितलं. त्यांना नटीत रस नव्हता. त्यांना नॅथॅनिएल बाल्डविन आवडला. या अमेरिकन गृहस्थानं 1910 साली युटामध्ये आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवले आणि आरमारानं ते बिनतारी संदेश ऐकणाऱ्यांसाठी घेतले. "म्हणजे ही मूळची आमच्याच खात्याची वस्तू," अण्णा म्हणाले आणि हेडफोन नीट पुसून डोक्यावर चढवला.

डबा टीव्हीच्या मागून काढून पुढे ठेवला, वायफाय 5 गिगाहर्ट्‌झवर नेलं, दूध गॅसवर गेलं. खरखर थांबली. त्या रात्री अण्णांनी पहिला अंक सलग ऐकला. टीव्ही गप्प, घर गप्प, कन्या टेबलाशी. मी समाधानानं पेपर उघडला. आणि नांदी संपता संपता अण्णा गायला लागले. हेडफोन लावलेल्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. त्यात अण्णांचा सूर मुळातच बँकेच्या उचंती खात्यासारखा, कधीच न जुळणारा. वरच्या मजल्यावर खिडकी उघडल्याचा आवाज आला.

मी पेपर ठेवून उठलो. कन्येनं मानेनंच 'राहू दे' म्हणून खूण केली, सौ.च्या औषधांच्या डब्यातून कापूस काढला, दोन बोळे करून स्वतःच्या कानात घातले आणि पुढचं प्रमेय सोडवायला घेतलं.