स्वाक्षरी, मुद्रित व इलेक्ट्रॉनिक (करारातील वैधता)

हाताने केलेल्या सहीऐवजी छापलेली, यंत्राने उमटवलेली किंवा संगणकीय प्रक्रियेने जोडलेली स्वाक्षरी असलेल्या कराराला कायद्याने मिळणारे बळ. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 10 नुसार मुक्त संमती, पक्षांची पात्रता, कायदेशीर मोबदला व कायदेशीर उद्देश असला की करार वैध ठरतो आणि अन्य कायद्याने लेखाची अट घातली नसेल, तर तोंडी करारही बंधनकारक असतो. त्यामुळे स्वाक्षरीचे मुख्य कार्य संमती सिद्ध करण्याचे आहे.

मुद्रित स्वाक्षरी : आजच्या चलनी नोटेवर धारकाला रक्कम अदा करण्याचे वचन व त्याखाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची छापील स्वाक्षरी असते. तिचे बळ मात्र रिझर्व्ह बँक अधिनियम, 1934 मधून येते. खासगी व्यवहारात असा आधार नसल्याने, ज्याच्या नावाची सही छापली त्याच्याच अनुमतीने व बांधून घेण्याच्या हेतूने ती उमटली, हे वाद उपस्थित झाल्यास सिद्ध करावे लागते. कंपन्यांच्या भागप्रमाणपत्रांवर संचालकाची यंत्राने छापलेली सही 2014 च्या नियमांनुसार चालते, रबरी शिक्क्याची चालत नाही.

इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 5 ने विहित पद्धतीच्या इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीला हस्तस्वाक्षरीचा दर्जा दिला, तर कलम 10-अ नुसार करार केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाला म्हणून अवैध ठरत नाही. डिजिटल स्वाक्षरीत मजकुरावरून काढलेला संक्षेप-अंक स्वाक्षरीकर्त्याच्या खासगी किल्लीने बद्ध होतो व सार्वजनिक किल्लीने पडताळता येतो. नंतर मजकुरातील एक अक्षर बदलले तरी पडताळणी फसते. आधारवर आधारलेली ई-साइन सेवाही मान्य आहे. सहीचे नुसते छायाचित्र चिकटवल्यास हा दर्जा मिळत नाही, तरी संमती अन्य पुराव्याने सिद्ध होऊ शकते; ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता (2010) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ई-मेलच्या देवाणघेवाणीतून झालेला करार ग्राह्य धरला.

अपवाद : मृत्युपत्र व न्यासपत्र यांना माहिती तंत्रज्ञान अधिनियम लागू नाही; मुखत्यारपत्रे, वचनचिठ्ठ्या व हुंड्या यांना वित्तसंस्थांसंबंधीच्या मर्यादित सवलती वगळता तो लागू होत नाही. स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा करार 2022 मध्ये अपवादांतून वगळण्यात आला, पण खरेदीखताच्या नोंदणीची सक्ती कायम आहे.

मुद्रांक व नोंदणी : महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमातील ‘दस्तऐवज’ या संज्ञेत इलेक्ट्रॉनिक अभिलेखही येत असल्याने कागद नाही म्हणून शुल्क टळत नाही. मुद्रांकाविना दस्त पुराव्यात येत नाही, मात्र तो शून्यवत नसतो व शुल्क आणि दंड भरून ही उणीव दूर करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार घराचा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि त्याची जबाबदारी घरमालकावर असते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात न जाता आधार पडताळणी, छायाचित्र व अंगठ्याचा ठसा यांद्वारे ही नोंदणी करता येते.

स्वाक्षरीकर्त्याचे दायित्व : माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 42 नुसार खासगी किल्ली सुरक्षित राखणे हे तिच्या धारकाचे कर्तव्य असून ती इतरांच्या हाती पडल्याचे प्रमाणन प्राधिकाऱ्यास कळवेपर्यंत तो जबाबदार राहतो, म्हणून किल्ली किंवा ई-साइनचा ओटीपी दलालाकडे सोपवणे हे कोऱ्या कागदावर सही करून देण्याइतकेच घातक आहे.